कुटुंबाचं पोर्ट्रेट कॉपी करत ऑइल पेंटिंग शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या क्लासला नवीन येणारे बहुतेक जण राजा रविवर्म्यांचं 'देअर कम्स पापा' कॉपी करतात आणि प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. क्रम तुमच्या सोयीने वाचा, फक्त तेलाच्या चिंध्यांचा भाग ('फ्लॅटमध्ये राहतो' या प्रश्नाखालचा) आधी वाचा, तो सुरक्षेचा आहे.

कॉपी म्हणजे नक्कलच ना? त्यातून काय शिकणार?

नक्कलच आहे, त्यात लाजायचं काय. पॅरिसचं लूव्र १७९३ ला उघडलं तेव्हापासून तिथे चित्रकार इझल लावून कॉप्या करत आलेत. फ्रेंच चित्रकार डेगा तरुणपणी तिथेच जुन्या लोकांच्या कॉप्या करायचा आणि त्याच सुमारास त्याने स्वतःच्या आत्याच्या घरच्यांचं, बेलेल्ली कुटुंबाचं, ते भलंमोठं पोर्ट्रेट करायला घेतलं. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे विद्यार्थी १८७२ पासून त्यांचे शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्याबरोबर अजिंठ्याला जाऊन भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवत होते, पेस्तनजी बोमनजी त्यातलेच एक आणि पुढे ते पोर्ट्रेटसाठीच नावाजले गेले. त्या कॉप्यांपैकी कित्येक १८८५ ला लंडनमध्ये आगीत जळाल्या हे वाचून अजूनही पोटात गोळा येतो, पण ते राहू दे.

शिकायचं काय तर क्रम. चित्रकाराने आधी काय ठरवलं, नंतर काय, कुठे जीव ओतून काम केलं आणि कुठे दोन फटके मारून सोडून दिलं. नुसतं बघून हे कळत नाही, कारण पूर्ण झालेलं चित्र बघताना सगळं एकदमच दिसतं, स्वतः करायला घेतलं की मग लक्षात येतं की अरे इथे तर काहीच काढलेलं नाही, आपल्यालाच वाटत होतं की केस काढलेत. म्हणून मी सगळ्यांना सांगते की हुबेहूब होतंय की नाही ही काळजी सोडा आणि सोडून दिलेल्या जागा शोधा.

हेच चित्र का? सोपं आहे का?

सोपं अजिबात नाही, पण आटोपशीर आहे. आई, तिच्या कडेवरचं मूल, पायाशी कुत्रा, तिघांचं लक्ष एकाच बाजूला, आणि ज्याच्याकडे बघतायत तो बाप चौकटीच्या बाहेर. १८९३ चं चित्र, आई म्हणजे रविवर्म्यांची मुलगी महाप्रभा आणि मूल म्हणजे त्यांचा नातू. त्याच वर्षी शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची जी दहा चित्रं गेली त्यात हेही होतं. केरळातल्या मातृवंशीय घराण्यात, जिथे मूल आईच्या घरचं मानलं जायचं, तिथे बाबांची वाट बघणारं चित्र काढणं ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती, अभ्यासकांनी त्यावर बरंच लिहिलंय.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचं हे की मोठ्या माणसाची त्वचा, बाळाची त्वचा आणि पांढरं कापड हे तिन्ही एकमेकांना चिकटून आहेत. एकट्या माणसाच्या पोर्ट्रेटमध्ये तुमचा टोन, म्हणजे रंगाचा गडद-फिकेपणा, थोडा चुकला तरी खपून जातं, इथे शेजारचा टोन लगेच चहाडी करतो. कुटुंबाचं पोर्ट्रेट निवडायचं ते यासाठीच.

पहिल्यांदाच ऑइल हातात घेतेय, पूर्ण चित्र करू का?

नको. आधी फक्त आईचं डोकं आणि खांदा, १२ बाय १६ इंचाच्या बोर्डवर. मग आई आणि मूल दोघांची डोकी. पूर्ण चित्र तिसऱ्यांदा, १८ बाय २४ वर. अधीर लोक थेट ३ फुटी कॅनव्हास आणतात आणि मग कुत्र्यापर्यंत पोचतच नाहीत. रविवर्म्यांनीसुद्धा १८७० च्या सुमाराला कालिकतच्या कृष्ण मेनन कुटुंबाचं चित्र केलं, ते त्यांच्या अगदी सुरुवातीच्या पैसे घेऊन केलेल्या कामांपैकी, आणि 'देअर कम्स पापा' त्यानंतर वीसेक वर्षांनी आलं. घाई कशाला.

सामान काय काय आणू?

रंग कमी आणा, चांगले आणा. टायटॅनियम व्हाइट मोठी ट्यूब, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, रॉ अंबर, व्हर्मिलियन किंवा कॅडमियम रेड, अल्ट्रामरीन आणि आयव्हरी ब्लॅक. एवढ्यात हे चित्र होतं. अलिझरिन क्रिमसन (गडद लाल) घ्यायचीच असेल तर 'पर्मनंट' लिहिलेली घ्या, जुन्या प्रकारची उन्हाने उडते. तयार 'फ्लेश टिंट' नावाची ट्यूब दुकानदार दाखवेल, ती त्यालाच परत द्या.

स्टुडंट ग्रेड चालेल का असं विचारतात. चालेल, पण पांढरा तरी आर्टिस्ट ग्रेडचा घ्या कारण सगळ्यात जास्त तोच लागतो आणि स्वस्त पांढऱ्यात भर जास्त असते, मग कितीही घातला तरी रंग झाकतच नाही. ब्रशमध्ये ब्रिसलचे, म्हणजे राठ केसांचे, फिलबर्ट (चपटे, टोकाला गोलसर) ४, ६, ८ नंबरचे, एक मोठा फ्लॅट (चपटा), एक मऊ सिंथेटिक राउंड (गोल) शेवटच्या कामाला. पॅलेट नाइफ, कोळशाची कांडी, जुन्या कॉटनच्या साडीचे तुकडे. अगदी बारीक झिरो नंबरचा ब्रश आणू नका, तो हातात असला की माणूस पहिल्या दिवशीच पापण्या काढायला बसतो.

एक गोष्ट लक्षात ठेवा, रविवर्म्यांच्या वेळी टायटॅनियम व्हाइट नव्हताच, तो १९२० च्या आसपास बाजारात आला. त्यांच्या काळातला पांढरा म्हणजे शिशाचा, तो जरा उबदार आणि कमी जोरकस. टायटॅनियम थंड आहे आणि थोडासा पडला तरी सगळं खडूसारखं करून टाकतो, म्हणून मी पांढऱ्याच्या ढिगातच किंचित ऑकर मिसळून ठेवायला सांगते. शिशाचा पांढरा घरी वापरू नका, विषारी आहे.

हार्डवेअरच्या दुकानातलं टर्पेंटाइन आणि जवसाचं तेल चालतं का? स्वस्त पडतं.

ब्रश धुवायला हार्डवेअरचं टर्पेंटाइन चालतं, रंगात मिसळायला नको. जवसाचं तेल तर तिथलं अजिबात नको, ते बहुतेक वेळा 'बॉइल्ड' असतं, त्यात लवकर वाळण्यासाठी केमिकल घातलेलं असतं आणि पुढे पिवळं-तपकिरी पडतं. किराणा दुकानात किंवा मेडिकलमध्ये खाण्यासाठी मिळतं तेही नको, ते खवट होऊ नये म्हणून कधी कधी त्यात काहीबाही घालतात आणि मग ते वाळायलाच मागत नाही. चित्रकलेच्या दुकानातली रिफाइंड लिनसीडची छोटी बाटली खूप दिवस पुरते.

फ्लॅटमध्ये राहतो, घरात लहान मूल आहे, वासाचं काय?

वास तेलाचा नसतो, टर्पेंटाइनचा असतो. खिडकी उघडी ठेवा, टर्पेंटाइनची बाटली बंद ठेवा, उघडी वाटी भरून ठेवायची गरज नसते. पहिला पातळ थर सोडला तर नंतर टर्पेंटाइनशिवाय नुसत्या तेलात काम करता येतं आणि ब्रशसुद्धा आधी तेलात, मग साबणाने धुता येतात.

खरा धोका चिंध्यांचा. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून एका ढिगात किंवा कचऱ्याच्या पिशवीत टाकल्या तर त्या आपोआप पेटू शकतात, काडी लागत नाही, ठिणगी लागत नाही. तेल वाळतं म्हणजे हवेतला ऑक्सिजन घेतं, त्यात उष्णता तयार होते आणि ढिगात ती अडकून वाढत जाते. चिंध्या सुट्या पसरून वाळवा किंवा पाण्याने भरलेल्या पत्र्याच्या डब्यात टाका. यात आळस नको, बाकी कशात केला तरी चालेल.

नेटवरून इमेज घेतली तर प्रत्येक ठिकाणी रंग वेगळा दिसतो, कुठली खरी?

कुठलीच पूर्ण खरी नाही. कोणी फोटो पिवळ्या लाइटमध्ये काढलेला असतो, कोणी कॉन्ट्रास्ट वाढवलेला असतो. तीन-चार इमेज शेजारी ठेवून बघा, जिच्यात अंधाऱ्या भागातही काहीतरी दिसतंय आणि पांढऱ्या कापडातही घड्या दिसतायत ती घ्या. चांगल्या लॅबमधून मॅट पेपरवर प्रिंट काढा, मोबाइलवर बघून रंगवू नका, स्क्रीन आतून उजळते आणि तुमचा रंग कधीच तेवढा उजळणार नाही, मग पांढरा ओतत राहता.

आणि कॅलेंडरवरून किंवा आजोळच्या भिंतीवरच्या जुन्या फ्रेमवरून रविवर्मा कॉपी करू नका. ते ओलिओग्राफ असतात, दगडावरून एकेक रंग छापून केलेले आणि वर ऑइल पेंटिंगसारखी चमक आणलेले. त्यांचा प्रेस १८९४ ला मुंबईत घाटकोपरला सुरू झाला आणि मग लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यामुळे आपल्याकडे घराघरात ती चित्रं आहेत. सुंदर आहेत, पण त्यात हाताचा फटकाच नाहीये, ऑइल शिकायला काही उपयोग नाही.

ग्रिड, ट्रेसिंग, प्रोजेक्टर, काय चालेल?

ग्रिड. प्रिंट ९ बाय १२ इंच, कॅनव्हास १८ बाय २४, प्रिंटवर १ इंचाचे चौकोन आणि कॅनव्हासवर २ इंचाचे, हिशोब सोपा. चेहऱ्याच्या जागी चौकोन अजून अर्धे करा. प्रिंटचं आणि कॅनव्हासचं प्रमाण जुळलं पाहिजे, नाहीतर बाई उंच होते नाहीतर जाडी. ट्रेसिंगला माझा विरोध नाही पण ट्रेस करणाऱ्यांचं पुढे असं होतं की पहिल्या थरात रेषा बुडते आणि परत शोधायची कशी ते हाताला माहीतच नसतं. ग्रिडवर तुम्ही मोजलेलं असतं, त्यामुळे बुडली तरी पुन्हा मोजता येते.

कोळशाने काढा, फडक्याने झटका म्हणजे फिकट रेषा राहील, मग पातळ रॉ अंबरने पक्की करा. पेन्सिल नको, ग्राफाइट वर्षानुवर्षांनी वर दिसायला लागतं.

कॅनव्हास पांढराच ठेवायचा?

नाही, पांढऱ्यावर टोन कळत नाही. बर्न्ट सिएना आणि रॉ अंबर टर्पेंटाइनमध्ये पातळ करून सगळीकडे फासा आणि कापडाने पुसून काढा, मध्यम तपकिरी उरलं पाहिजे. वाळू द्या.

मग नुसत्या रॉ अंबरने सगळं चित्र एकरंगी करा. उजेडाच्या जागा कापडाने पुसून काढायच्या, गडद जागी रंग ठेवायचा, पांढरा वापरायचाच नाही. अंबरमध्ये मँगनीज असतं म्हणून ते पटकन वाळतं, म्हणूनच खालच्या थराला ते सोयीचं. या टप्प्यावर फक्त तीन टोन, उजेड, मधला आणि सावली. डोळे किलकिले करून मूळ चित्राकडे बघा, बारकावे विरघळतात आणि तीन-चार मोठे आकार उरतात, तेच हवेत. मोबाइलवर दोन्हीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून शेजारी लावा. इथे चूक दिसली तर पुसा, इथलं दुरुस्त करायला दोन मिनिटं लागतात आणि रंग चढल्यावर दोन दिवस.

त्वचेचा रंग कसा बनवू? कुठली ट्यूब किती?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न आणि प्रमाण मी कोणालाच देत नाही, कारण त्वचेला एक रंग नसतो. सुरुवातीला ढीग तीन करा. उजेडासाठी पांढरा, ऑकर आणि किंचित व्हर्मिलियन. मधल्या टोनसाठी त्याच ढिगातलं थोडं घेऊन त्यात बर्न्ट सिएना आणि अगदी चिमूटभर काळा. सावलीसाठी बर्न्ट सिएना, रॉ अंबर आणि थोडं अल्ट्रामरीन, त्यात पांढरा शक्यतो नाही. सावलीत पांढरा गेला की ती राखेसारखी दिसते, हे एवढं जरी पाळलंत तरी अर्धं काम झालं.

आता गंमत अशी की आयव्हरी ब्लॅक पांढऱ्यात मिसळला की ऑकर-सिएनाच्या शेजारी तो चक्क निळसर-करडा दिसतो. कपाळाच्या कडेला, जबड्याखाली, जिथे उजेड सावलीकडे वळतो तिथे तो करडा हलकेच घाला, चेहरा गोल वळायला लागतो. स्वीडनचा चित्रकार अँडर्स झॉर्न ऑकर, व्हर्मिलियन, काळा आणि पांढरा एवढ्यावर पोर्ट्रेट करायचा असं म्हणतात आणि त्याच्या नावाने ती पॅलेट प्रसिद्ध आहे, सावळ्या त्वचेला तर ती फार छान बसते.

मग जागेप्रमाणे फरक. कपाळ जरा पिवळसर, नाक, गाल आणि कान लालसर कारण तिथे रक्त वर असतं, हनुवटीकडे थंड. हा नियम नाही, बघायची सवय आहे. बाळाच्या बाबतीत फरक कमी, लाली जास्त आणि गडद सावली जवळपास नाहीच.

माझ्या चित्रातलं बाळ म्हाताऱ्यासारखं दिसतंय!

सगळ्यांचंच दिसतं. मोठ्या माणसाचे डोळे डोक्याच्या साधारण निम्म्यावर असतात, बाळाचे त्याच्या खाली असतात कारण कपाळ मोठं असतं. आपण सवयीने डोळे वर ओढतो आणि कपाळ छोटं होतं, मग ते बाळ राहत नाही. दुसरं कारण म्हणजे नाकाच्या बाजूच्या आणि ओठांजवळच्या रेषा. बाळाच्या चेहऱ्यावर रेषा नसतात, तिथे फक्त टोन हळूच बदलतो, तुम्ही रेषा काढली की सुरकुती झाली. मऊ कोरडा ब्रश घेऊन ओल्या रंगावर आडवा फिरवा, रेषा विरघळू द्या.

आईचा चेहरा जुळत नसेल तर चित्र आणि प्रिंट दोन्ही उलटे करून बघा, किंवा आरशात बघा. नाकडोळे न बघता त्यांच्यामधल्या रिकाम्या जागा मोजा, डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकपुडीपर्यंतचा त्रिकोण, ओठ आणि हनुवटीमधलं अंतर. आणि दोन डोकी एकमेकांशी मोजा, आईच्या डोक्याच्या मानाने बाळाचं डोकं केवढं, कुठल्या उंचीला. कुटुंबाच्या चित्रात साम्य बिघडतं ते बरेचदा या अंतरामुळे, चेहरा आपल्या जागी बरोबरच असतो.

डोळ्यातला पांढरा भाग पांढरा रंगवू नका, तो करडा असतो, वरच्या पापणीच्या सावलीत. चमक सगळ्यात शेवटी, एक ठिपका, ब्रश उचलला की परत तिथे जायचं नाही.

पांढरं कापड मळकट दिसतं किंवा सपाट दिसतं, काय करू?

पांढरं म्हणून तुम्ही पांढरा लावताय, तिथेच अडतं. एक पट्टी करा, काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत नऊ घरांची, वाळवा आणि ती प्रिंटवर ठेवून बघा. कापडाची सावली आईच्या उजेडातल्या हातापेक्षा गडद निघते, बघून कोणी विश्वास ठेवत नाही पण पट्टी खोटं बोलत नाही. खरा शुभ्र पांढरा अख्ख्या कापडात दोन-तीन जागीच असतो, बाकी सगळे करडे, काही उबदार तर काही थंड. जिथे कापड अंगाला लागून आहे तिथे त्वचेचा रंग त्यात उतरतो, थोडा ऑकर घाला.

जरीसाठी आणि दागिन्यांसाठी सोनेरी रंगाची ट्यूब आणलीत तर मी ती जप्त करते. सोनं म्हणजे गडद तपकिरी, त्यावर ऑकर आणि अगदी थोड्या जागी जाडसर, जवळपास पांढरा पिवळा ठिपका. रविवर्म्यांचे दागिने लांबून लखलखतात आणि जवळून बघितलं तर बरेचसे ठिपके असतात. प्रत्येक मणी काढू नका. उजेडातले चार मणी नीट काढा, बाकीचे सावलीत गायब होऊ द्या.

कडा म्हणजे नेमकं काय? तुम्ही सारखं 'कड सोडा' म्हणता.

दोन आकार भेटतात ती कड. ती सगळीकडे सारखी धारदार असली की माणसं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसतात. चेहऱ्याची उजेडाकडची बाजू धारदार ठेवा, केस मागच्या अंधारात मिसळू द्या, बाळाचं अंग आईच्या कापडाला टेकतं तिथे मऊ. करायचं कसं, तर दोन्ही रंग ओले असताना कोरड्या ब्रशने एकदाच ओढायचं. दहादा ओढलंत तर चिखल.

सगळे रंग चिखलासारखे होतात.

ब्रश पुसत नाही म्हणून. प्रत्येक दोन-तीन फटक्यांनंतर कापडाला पुसा. त्वचेचा मधला टोन सोडला तर एका मिश्रणात तीनपेक्षा जास्त रंग नको. लावलेला रंग घोटत बसू नका.

किती दिवसांत वाळतं? पावसाळ्यात तर आठवडाभर ओलंच राहिलं.

ऑइल पाण्यासारखं सुकत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्यामुळे प्रत्येक रंगाचा वेळ वेगळा. अंबर एक-दोन दिवसांत, पांढरा आणि काळा चार-पाच दिवस किंवा जास्त, थर जाड असेल तर विचारूच नका. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात सगळंच लांबतं आणि कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते, चित्र भिंतीपासून सुटं ठेवा, हवा खेळू द्या. उन्हात वाळवू नका.

खालचा थर कमी तेलाचा, वरचा जास्त तेलाचा, हे पाळा. उलटं केलंत तर वरचा थर आधी वाळतो, खालचा नंतर हलतो आणि भेगा पडतात. सोपी पद्धत अशी की पहिल्या थराला टर्पेंटाइन, दुसऱ्याला ट्यूबमधला रंग तसाच, तिसऱ्याला थेंबभर तेल.

काल छान चमकत होतं, आज गडद भाग फिके आणि मॅट झाले. रंग उडाला का?

उडाला नाही, तेल खालच्या थराने शोषून घेतलं, अंबर आणि काळ्यात हे नेहमी होतं. वाळलेल्या भागावर जवसाच्या तेलाचा अगदी पातळ हात फिरवा आणि कापडाने जवळपास सगळं पुसून काढा, मूळ रंग परत दिसतो, मग त्यावर काम करा. हे न करता रंग जुळवायला गेलात तर फिक्या रंगाशी जुळवाल आणि वॉर्निशनंतर सगळं फसेल.

ग्लेझिंग करावंच लागतं का?

नाही. सावली जरा उबदार करायची असेल तर वाळलेल्यावर बर्न्ट सिएनाचा पारदर्शक थर, बास.

मूळ चित्र बघायला मिळेल का?

'देअर कम्स पापा' तिरुअनंतपुरमच्या कवडियार पॅलेसच्या संग्रहात आहे, सहज जाऊन बघण्यासारखं नाही. पण रविवर्म्यांचं ऑइल काम बघायचंच असेल तर तिथल्याच राजा रविवर्मा आर्ट गॅलरीत (२०२३ पर्यंत ही चित्रं श्री चित्रा आर्ट गॅलरीत होती), मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आणि बडोद्याला लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या म्युझियममध्ये जा, सयाजीराव गायकवाडांनी त्यांच्याकडून पुराणातली १४ चित्रं करून घेतली होती. बडोदा आपल्याला एका रात्रीच्या ट्रेनवर आहे. साताऱ्याकडचे असाल तर औंधचं भवानी संग्रहालय बघाच, पंतप्रतिनिधींनी जमवलेलं आहे.

गेलात की चित्रासमोर तिरकं उभं राहून बघा, उजेड पृष्ठभागावर घासून येतो आणि रंग कुठे जाड, कुठे पातळ ते दिसतं. फोटोतून हे कधीच कळत नाही. रविवर्मासुद्धा ऑइल असंच बघून शिकले, १८६८ ला त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन नावाचा चित्रकार आला होता, तो शिकवायला तयार नव्हता, फक्त काम करताना बघू दिलं असं सांगतात.

कॉपीवर सही कोणाची? विकू शकतो का?

रविवर्मा १९०६ ला वारले. भारतात कॉपीराइट चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं, त्यामुळे ते बंधन संपलंय. विकू शकता, पण कॉपी म्हणून. समोर त्यांची सही उतरवू नका, ती सही आली की अभ्यासाची कॉपी बनावट चित्र ठरू शकते. मागे स्पष्ट लिहा, रविवर्म्यांच्या चित्रावरून, तुमचं नाव, वर्ष. आणि मूळ मापातच करू नका, लूव्रमध्येही कॉपीचं माप वेगळं असावं लागतं. रविवर्म्यांची अस्सल चित्रं कायद्याने राष्ट्रीय ठेवा आहेत, देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे परदेशात राहणाऱ्या भाच्याला कॉपी पाठवणार असाल तर मागचं लिखाण कामी येतं.

हातात समई घेतलेल्या बाईचं चित्र करू का असंही बरेच जण विचारतात आणि ते रविवर्म्यांचं समजतात. ते सावंतवाडीच्या सा. ल. हळदणकरांचं आहे, मैसूरला जगनमोहन पॅलेसमध्ये आहे, आणि ते जलरंगात आहे, ऑइलमध्ये नाही. समई धरलेली मुलगी त्यांचीच लेक. हळदणकर १९६८ ला गेले, म्हणजे कॉपीराइट अजून आहे, घरी सरावाला हरकत नाही, विकायला काढू नका.

आमच्या आजी-आजोबांच्या जुन्या फोटोवरून थेट करू का?

कॉपी एक-दोन झाल्यावर करा. फोटोत निर्णय कोणी घेतलेले नसतात, कॅमेऱ्याने सगळं सारखंच टिपलेलं असतं, साडीचा काठ आणि आजीचा डोळा दोन्हीला तेवढंच महत्त्व. काय सोडायचं ते तुम्हाला ठरवावं लागतं आणि ते तुम्ही या चित्रातून शिकलेले असता. फ्लॅशचा फोटो नको, सावलीच नसते. जुने स्टुडिओतले ब्लॅक अँड व्हाइट फोटो उत्तम, खिडकीचा एका बाजूचा उजेड असतो आणि टोन तयार मिळतो. रंग मात्र फोटोला हाताने रंगवलेल्या गुलाबी गालांवरून उचलू नका, घरातल्या जिवंत माणसाला त्याच कोनात खिडकीशी बसवा आणि त्याच्या त्वचेकडे बघून रंग मिसळा, नातीचा गाल आजीच्या गालाला चालतो.

वॉर्निश कधी?

सहा महिने ते वर्ष थांबा. घाई असेल तर रिटच वॉर्निशचा (तात्पुरत्या, हलक्या वॉर्निशचा) पातळ हात, तोही हाताला चिकटणं थांबल्यावर.

ब्रश कडक झाले, टाकून देऊ का?

एक रात्र जवसाच्या तेलात बुडवून ठेवा, मग कोमट पाण्यात अंगाच्या साबणाने तळहातावर घासा, बुंध्यापर्यंत. गरम पाणी नको, केस सुटतात. आकार बोटांनी बसवून आडवे वाळवा. तरीही कडकच राहिला तर तो पुढच्या कॅनव्हासवर पहिला तपकिरी हात फासायला ठेवा.